थडग्याला दार आलं तेव्हा

(यांगत्से खोऱ्यातल्या प्राचीन थडग्यांविषयी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. चीनमधली थडगी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिआनची मातीची फौज उभी राहते. आज तिच्याबद्दल मी काही बोलणार नाही. ती उत्तरेकडची, कोरड्या पिवळ्या मातीची गोष्ट आहे. आपल्याला जायचंय दक्षिणेला, यांगत्से नदीच्या मधल्या खोऱ्यात. आजचे हुबेई आणि हुनान हे प्रांत, आणि शेवटी थोडं वरच्या अंगाला सिचुआन. हान नदी, शियांग नदी, मिन नदी या सगळ्या यांगत्सेला येऊन मिळतात. मध्ये दोंगथिंगचं भलंमोठं सरोवर आहे. भाताचा मुलूख, पुराचा मुलूख. जरा खणलं की पाणी लागतं.

आणि हे पाणीच आपल्या कामाचं आहे. लाकूड, रेशीम, बांबू यांचा खरा वैरी म्हणजे हवा. कधी ओलं, कधी कोरडं अशा जमिनीत ते चार-दोन पिढ्यांत संपतात. पण कायम पाण्यात बुडालेलं किंवा हवा पूर्ण तुटलेलं लाकूड दोन-अडीच हजार वर्षं टिकतं. म्हणून उत्तरेकडच्या थडग्यांतून मिळतात भांडी, हाडं, ब्राँझ. आणि या खोऱ्यातून मिळतात कपडे, पुस्तकं, पत्रं, जेवणाची ताटं, औषधाच्या नोंदी. माणसं मेल्यावर काय करत होती हे बघायला जगात फार थोड्या जागा इतक्या चांगल्या आहेत.

आज मला एवढंच सांगायचं आहे की या खोऱ्यात सहा-सातशे वर्षांच्या काळात थडग्याला दार आलं. आधी ते पेटाऱ्यासारखं होतं. वरून खड्डा खणायचा, खाली लाकडी खोकं बसवायचं, वस्तू भरायच्या, झाकण लावायचं, माती लोटायची, संपलं. पुढे ते घरासारखं झालं. समोरून आत जायचं, दार लावायचं, लागलं तर पुन्हा उघडायचं. वाचताना हा बदल बांधकामाचा वाटतो. पण त्यामागे नवरा-बायको आहेत, सरकार आहे, मुलांच्या नोकऱ्या आहेत आणि विटांचा भाव आहे. लोकांची परलोकाबद्दलची समजूत बदलली म्हणून थडगी बदलली, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. मला ते पुरेसं वाटत नाही. उलट इथे पुष्कळदा आधी व्यवहार बदलला आणि समजूत त्याच्या मागून आली.

अगदी मुळाशी फार रेंगाळत नाही. यांगत्सेच्या घळींमध्ये, छूथांग घळीच्या तोंडाशी, दाशी नावाची नवाश्मयुगीन संस्कृती होती. साधारण इ.स.पू. ५००० ते ३३००. तिथल्या काही मृतांच्या तोंडात किंवा हातांशी मासे ठेवलेले सापडले. नदीकाठच्या माणसाला पुढच्या प्रवासाला शिदोरी कसली द्यायची, तर माशाची. त्यानंतर हजारो वर्षांनी, वूहानजवळ पानलोंगछंगला, उत्तरेकडून आलेल्या ब्राँझवाल्या सत्ताधाऱ्यांची थडगी दिसतात आणि तिथे धन्यासोबत मारलेली माणसं दिसू लागतात. ही माणसं लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहेत.

आता एकदम इ.स.पू. ४३३ मध्ये येऊ. हुबेईमधल्या स्वेइचौ गावाबाहेर १९७७ साली लष्कराची एक तुकडी कारखान्यासाठी टेकडी सपाट करत होती. सुरुंग लावताना मातीचा रंग वेगळा दिसला. पुढच्या वर्षी तिथे त्सेंग राज्याच्या यी नावाच्या सामंताचं थडगं उघडलं. त्सेंग हे छू या बलाढ्य राज्याच्या सावलीतलं छोटं संस्थान. साल इतकं नेमकं कसं कळलं? छूच्या राजाने या सामंतासाठी एक घंटा करवून पाठवली होती आणि तिच्यावर आपल्या राज्याचं ५६ वं वर्ष कोरलं होतं. ती घंटा इतर ६४ घंटांसोबत लाकडी-ब्राँझच्या चौकटीवर टांगलेली सापडली. चौकट अडीच हजार वर्षं पाण्यात उभी होती, पडली नव्हती. प्रत्येक घंटा दोन जागी ठोकली की दोन वेगवेगळे सूर देते. उत्खननानंतर काही महिन्यांतच त्या वाजवून बघितल्या, आणि वाजल्या.

पण घंटांच्या नादात सगळे एक गोष्ट विसरतात. हे थडगं म्हणजे तेरा मीटर खोल खड्ड्यातलं लाकडी खोकं, त्याचे चार कप्पे. मधल्या कप्प्यात घंटा आणि पूजेची भांडी, म्हणजे दरबार. उत्तरेला शस्त्रं आणि रथाचं सामान. पूर्वेला स्वतः यी. या कप्प्यांमधल्या भिंतींना तळाशी छोटी चौकोनी भोकं ठेवली होती. माणूस त्यातून जाणार नाही. यीच्या बाहेरच्या शवपेटीलाही तसंच एक भोक आहे. आणि आतल्या शवपेटीवर रंगवलेली दारं आणि खिडक्या आहेत. जिवंत माणसाला इथे वाटच नव्हती. वरून सगळं कायमचं बुजवलेलं. पण मेलेल्याला रात्री उठून शेजारच्या खोलीत घंटा ऐकायला जाता यावं, ही सोय होती. म्हणजे दार पहिल्यांदा आलं ते चित्रात, आणि ते फक्त मेलेल्यासाठी होतं.

त्याच थडग्यात २१ स्त्रिया आहेत. बहुतेक किशोरी, काही विशीतल्या. आठ यीच्या कप्प्यात, तेरा पश्चिमेच्या कप्प्यात. प्रत्येकीला वेगळी शवपेटी. यीच्या कप्प्यात एक कुत्राही आहे, त्यालाही शवपेटी. या मुली वादक-नर्तकी असाव्यात असं संशोधक म्हणतात. पश्चिमेचा कप्पा म्हणजे त्यांचं राहण्याचं ठिकाण. मालक मेला तर घरातलं सामान सोबत जातं, आणि या मुली सामानात मोजल्या गेल्या. यी हा संस्कृतीचा उपासक, संगीतप्रेमी वगैरे लेख मी वाचलेत. असेलही. पण त्या तेरा पेट्या ओलांडून मला त्याचं कौतुक करता येत नाही.

आपल्याकडच्या लोकांना रस वाटेल अशी आणखी एक वस्तू तिथे आहे, कपड्यांची एक लाखेची पेटी. तिच्या झाकणावर मधोमध सप्तर्षींचं नाव, भोवती गोलाकार २८ नक्षत्रांची नावं, एका बाजूला ड्रॅगन आणि दुसऱ्या बाजूला वाघ. आपल्याकडे २७, आणि अभिजित धरलं तर २८. चंद्राच्या वाटेवर मुक्काम मोजायची ही रीत दोन्हीकडे आहे, आणि या झाकणामुळे चीनमधली ती पूर्ण यादी निदान इ.स.पू. पाचव्या शतकात होती हे पक्कं झालं.

यीनंतरच्या दोनशे वर्षांत छू राज्यातले सरदार, अधिकारी, साधे गृहस्थ यांची शेकडो थडगी चिंगचौच्या आसपास सापडली आहेत. तिथे छूची राजधानी होती. यांत माणसं मारून पुरायचं प्रमाण घटत जातं आणि त्यांच्या जागी लाकडी बाहुल्या येतात. काही बाहुल्यांना रेशमी कपडे, काहींना केस. उत्तरेकडच्या छिन राज्याने इ.स.पू. ३८४ मध्ये नरबळीवर अधिकृत बंदीच घातली होती. दया आली म्हणून हे झालं असं कोणी म्हणेल. मला वाटतं, लढाया वाढल्या, शेतावर आणि सैन्यात हात कमी पडू लागले, जिवंत माणूस महाग झाला.

छूच्या थडग्यांत एक विचित्र प्राणीही भेटतो. लाकडी, डोळे वटारलेला, जीभ छातीपर्यंत लोंबलेली, डोक्यावर हरणाची खरी शिंगं. थडग्याची राखण करायला. कोणापासून राखण? चिंगमनजवळ बाओशान इथे इ.स.पू. ३१६ मध्ये शाओ थुओ नावाच्या न्यायखात्याच्या बड्या अधिकाऱ्याला पुरलं. त्याच्या थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर त्याच्या आजारपणाच्या नोंदी निघाल्या. पोटात दुखतं, श्वास पुरत नाही, जेवण जात नाही. ज्योतिषी बोलावले, कौल लावला, कुठला देव किंवा कुठलं भूत रागावलंय ते शोधलं. शांत करायच्या यादीत पूर्वज आहेत, नदी आहे, रस्त्याचा देव आहे, आणि वेगळे उल्लेख आहेत बुडून मेलेल्यांचे आणि शस्त्राने मेलेल्यांचे. पुराच्या आणि लढायांच्या मुलखात कुणाची भीती वाटत असणार, हे या यादीवरून कळतं. एवढे उपाय करूनही तो गेलाच. आणि त्याच्यासोबत उपायांच्या पावत्याही पुरल्या.

चिंगचौजवळ माशानला १९८२ मध्ये वीटभट्टीसाठी माती काढताना एक छोटं थडगं लागलं. चाळिशीतली बाई, फार मोठ्या घराण्यातली नाही. तिला रेशमी कपडे आणि पांघरुणांच्या तेरा थरांत गुंडाळून वरून पट्ट्यांनी बांधलं होतं. भरतकामातले ड्रॅगन, वाघ, पक्षी यांचे रंग अजून दिसतात. छूचं रेशीम कसं होतं हे आज आपल्याला मुख्यतः या एका बाईमुळे माहीत आहे.

मग इ.स.पू. २७८ आलं. छिनचा सेनापती बाई छी याने छूची राजधानी घेतली. राजा पूर्वेकडे पळाला. खोऱ्यात नवे मालक आले आणि त्यांच्यासोबत त्यांचं सरकार आलं. त्याचं सगळ्यात नमुनेदार थडगं हुबेईतच, युनमंग तालुक्यातल्या श्वेहूदीला १९७५ साली निघालं. त्यातला माणूस शी नावाचा स्थानिक अधिकारी. राजा नाही, सरदार नाही. आपल्या भाषेत तालुका कचेरीतला कारकून-मामलेदार. इ.स.पू. २१७ च्या सुमाराला, शेहेचाळिशीत गेला. त्याच्या शवपेटीत, डोक्याशी, कुशीला, पायाशी, हजाराहून जास्त बांबूच्या पट्ट्या ठेवल्या होत्या. दागिने नाहीत, कायद्याची कलमं आहेत.

काय कलमं! सरकारी बैल नांगराला लावला आणि त्याच्या कंबरेचा घेर कमी झाला, तर तो सांभाळणाऱ्याला प्रत्येक इंचामागे दहा फटके. कोठारातलं धान्य सडलं तर काय दंड, गळफास लागून मेलेला माणूस आढळला तर दोरी, गाठ, पायाखालची जागा कशी तपासायची, गुन्हेगाराची जबानी कशी घ्यायची. सोबत एक कालनिर्णय आहे: कुठल्या दिवशी लग्न करू नये, कुठल्या दिवशी घराला हात लावू नये, भूत आलं तर पीचच्या लाकडाचं धनुष्य कसं वापरावं. आणि एक रोजनिशीसारखी यादी, जिच्यात छिनच्या लढायांच्या नोंदींच्या शेजारी शीचा स्वतःचा जन्म आहे, आईबापांचे मृत्यू आहेत, मुलांचे जन्म आहेत. साम्राज्याचा इतिहास आणि घरचा हिशेब एकाच ओळीत. हा माणूस मेल्यावरही कामावर जायच्या तयारीने निघाला होता. यीसोबत मुली गेल्या, शीसोबत नियमावली गेली. मधे सव्वादोनशे वर्षं.

तिथल्याच शेजारच्या थडग्यात दोन लाकडी पाट्यांवर दोन पत्रं सापडली. हेईफू आणि चिंग हे दोघे भाऊ छिनच्या सैन्यात गेलेले, मोठा भाऊ घरी. पत्रांत लढाईबद्दल फार नाही. आई बरी आहे का, आणि पैसे पाठवा, उन्हाळ्याचे कपडे पाठवा. आपल्याकडे कापड स्वस्त असेल तर शिवूनच पाठवा, नाहीतर पैसे द्या, इथे घेऊ. चिंग लिहितो की घरून मदत आली नाही तर मरेनच, आणि पुढे एकच शब्द तीनदा: तातडी, तातडी, तातडी. हे दोघे परतले की नाही हे पत्रांत असणं शक्य नाही. पण घरच्यांनी ती पत्रं जपली आणि थडग्यात ठेवली.

आता आपण सगळ्यात प्रसिद्ध थडग्याकडे येतो. हुनानची राजधानी छांगशा, शियांग नदीच्या काठी. १९७१ च्या शेवटी एका रुग्णालयासाठी हवाई हल्ल्यापासून बचावाचं भुयार खणत होते. एका जागी जमिनीतून वायू बाहेर आला आणि ठिणगी लागल्यावर निळी ज्योत पेटली. तिथेच मावांगद्वेची तीन थडगी निघाली, १९७२ ते ७४ या काळात. छांगशा राज्याचा मुख्य मंत्री ली त्सांग, हा इ.स.पू. १८६ मध्ये वारला. त्याची बायको शिन च्वे. आणि तिसरं थडगं बहुधा त्यांच्या मुलाचं, इ.स.पू. १६८ चं.

शिन च्वेबद्दल तुम्ही ऐकलं असेल. पन्नाशीची बाई, कातडी मऊ, सांधे वळत होते, नसांत रक्ताचा अंश होता. डिसेंबर १९७२ मध्ये तिचं शवविच्छेदन झालं. हृदयाच्या धमन्या चोंदलेल्या, पित्ताशयात खडे, भातशेतीच्या पाण्यातून होणाऱ्या शिस्टोसोमच्या जंतांची अंडी, आणि अन्ननलिका, जठर, आतडी यांत मिळून १३८ खरबुजाच्या बिया. म्हणजे उन्हाळा होता, तिने खरबूज खाल्लं आणि थोड्याच वेळात हृदय थांबलं. वजन ३४ किलो भरलं.

ती टिकली कशी? एकात एक चार शवपेट्या. त्यांच्याभोवती लाकडी खोकं. त्याच्याभोवती सुमारे पाच टन कोळसा, त्यावर मीटरभर जाडीची चिकट पांढरी माती, मग कुटून कुटून भरलेला खड्डा. थेंबभर हवा नाही. छूच्या कारागिरांनी शेकडो वर्षं घोटलेली ही बंद पेटाऱ्याची विद्या इथे टोकाला पोचली. आतल्या वस्तू मोजल्या तर वेड लागेल: ४९ ग्रॅम वजनाचा रेशमी झगा, बाहुल्यांचा वाद्यवृंद, लाखेच्या ताटल्या. या ताटल्यांवर आत लिहिलंय, ‘खावं, मालक’. प्याल्यांवर ‘प्यावं, मालक’. बैल, डुक्कर, हरीण, कुत्रा, ससा, पक्षी, मासे यांचं खरं मांस टोपल्यांत. आणि पैसे मात्र मातीचे! भाजलेल्या मातीची नाणी, टोपल्या भरभरून. जेवण खरं, नाणी खोटी. घरातल्या हिशेबी माणसाला ही तडजोड सुचली असणार. परलोकातल्या अधिकाऱ्याला नाणं कसोटीवर घासायचं कसं जमणार?

परलोकातला अधिकारी हे मी गमतीने म्हणत नाही. तिसऱ्या थडग्यात एक लाकडी पाटी निघाली. तेव्हाच्या सम्राटाच्या बाराव्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्याची तारीख घातलेली. घराचा कारभारी फन लिहितो पाताळातल्या संबंधित अधिकाऱ्याला: सोबत पुरलेल्या वस्तूंची यादी पाठवत आहे, पोचल्यावर तपासून वरिष्ठांना कळवावं. चिंगचौजवळच्या फंगह्वांगशानला १६८ क्रमांकाच्या थडग्यात यापुढची पायरी आहे. इ.स.पू. १६७. तिथला स्वे नावाचा माणूसही शिन च्वेसारखाच टिकून राहिला. त्याच्या पाटीत जियांगलिंग तालुक्याचा अधिकारी पाताळातल्या अधिकाऱ्याला कळवतो की स्वे आपल्या नोकर-दासी, गाड्या आणि घोडे घेऊन येत आहे, नोंद घ्यावी. मतदार यादीतलं नाव एका गावातून दुसऱ्या गावी बदलून घ्यावं, तसं. शाओ थुओच्या काळात परलोक म्हणजे बुडालेल्यांची भुतं आणि नद्या होत्या. शंभरेक वर्षं छिन आणि त्यानंतरच्या हान राजवटीच्या कचेऱ्यांत काढल्यावर लोकांना परलोकही कचेरीसारखाच दिसू लागला.

आता या कुटुंबाच्या थडग्यांची मांडणी बघा. नवरा-बायको शेजारी-शेजारी, पण दोन वेगळ्या खड्ड्यांत. शिन च्वेचा खड्डा खणताना नवऱ्याच्या आणि मुलाच्या खड्ड्याची कड कापली गेली, त्यावरूनच ती शेवटी गेली हे कळलं. एवढी श्रीमंती असूनही तिला नवऱ्याच्या खोलीत ठेवता आलं नाही, कारण बंद पेटारा पुन्हा उघडता येत नाही. उघडला तर हवा आत जाते आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच जातं.

पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत मात्र नवरा-बायकोला एकाच खोलीत ठेवायची पद्धत रूढ झाली. कल्पना उत्तरेकडून आली. तिथल्या घट्ट पिवळ्या मातीत आडवी गुहा खणली तर ती उभी राहते. यांगत्से खोऱ्याच्या ओल्या मातीत ते शक्य नव्हतं, कोसळलंच असतं. इथे गरज होती विटेच्या कमानीची. नंतरच्या हान काळात, म्हणजे आपल्या सातवाहनांच्या सुमाराला, भाजलेल्या विटा स्वस्त झाल्या आणि कमानी छताच्या, दार असलेल्या खोल्या खोऱ्यात सगळीकडे दिसू लागल्या. पहिला जोडीदार गेला की त्याला ठेवायचं, विटांनी तोंड बुजवायचं. दुसरा गेला की विटा काढायच्या. उलट लाकूड महागलं. दुसऱ्या शतकातला वांग फू हा विचारवंत चिडून लिहितो की राजधानीतल्या बड्या लोकांना शवपेटीसाठी यांगत्सेच्या दक्षिणेकडचंच उंची लाकूड हवं असतं. ते डोंगरातून तोडायचं, नद्यांतून आणायचं, हजारो मैल ओढायचं. त्याच्या म्हणण्यात तथ्य असेल तर या खोऱ्यातलं चांगलं लाकूड परक्यांच्या शवपेट्यांत गेलं.

दुसरं कारण नोकरीचं. इ.स.पू. १३४ पासून हान सरकार प्रत्येक परगण्यातून मातृपितृभक्त आणि सचोटीची माणसं निवडून अधिकारी करू लागलं. आता मुलगा भक्त आहे हे ठरवायचं कसं? अंत्यविधी बघून! थडगं लोकांनी बघावं लागतं, म्हणून त्याला दर्शनी बाजू हवी, अंगण हवं, पुढे पूजेची जागा हवी. इ.स. ५८ मध्ये सम्राटानेच पूर्वजांच्या पूजेतला एक मोठा सोहळा राजधानीतल्या मंदिरातून समाधीच्या जागी हलवला, मग बाकीच्यांना मार्गच मिळाला. या नाटकाचा कळस मात्र यांगत्से खोऱ्यातला नाही, उत्तरेच्या शानदोंगचा आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. झाओ श्वेन नावाच्या माणसाने आईबापांना पुरल्यावर थडग्याच्या भुयाराचं तोंड बंदच केलं नाही. आत राहून वीसहून जास्त वर्षं सुतक पाळलं. गावोगाव कीर्ती झाली. नवा अधिकारी भेटायला आला, चौकशी केली, तर पाचही मुलं सुतकाच्या काळातच जन्मलेली! अधिकाऱ्याने त्याला शिक्षा केली. बंद पेटाऱ्याच्या काळात हे ढोंग करायला जागाच नव्हती.

सिचुआनमध्ये विटेची गरज नव्हती. मिन नदीकाठी तांबड्या खडकाचे कडे आहेत, त्यात लोकांनी थेट खोल्या कोरल्या. लेशानजवळच्या माहाव इथे, दुसऱ्या शतकाच्या शेवटाच्या अशाच एका थडग्यात, दाराच्या वरच्या भागावर बसलेल्या बुद्धाची छोटी मूर्ती कोरलेली आहे. एक हात अभयमुद्रेत, दुसऱ्याने चीवराची कड धरलेली. चीनमधल्या सगळ्यात जुन्या बुद्धमूर्तींपैकी ही एक, आणि ती मंदिरात नाही, थडग्यात आहे. कोरणाऱ्याला बुद्ध नावाच्या शिक्षकाबद्दल फार काही माहीत असेल असं वाटत नाही. पश्चिमेकडून आलेला, मेलेल्याला सुखरूप ठेवणारा कोणी पवित्र पुरुष, एवढंच. पश्चिमेची राणीमाता या चिनी देवीच्या पंगतीत त्याला बसवलं. त्याच शतकात आपल्याकडे नाशिकला, कार्ल्याला लेणी कोरली जात होती, पण ती जिवंत भिक्षूंच्या पावसाळ्यासाठी.

दाराने घर दिलं, पण त्याच दाराने पुरातत्त्वाचं नुकसान केलं. विटेच्या खोलीत हवा शिरते, पाणी चढतं-उतरतं, चोर शिरतो. रेशीम गेलं, बांबू गेला, माणूस गेला. या काळाच्या थडग्यांतून आपल्याला मिळतात मातीच्या विहिरी, मातीची कोठारं, डुकरांचे मातीचे गोठे, पाणी भरलेल्या शेताचे मातीचे नमुने आणि जमिनीखरेदीचे करार. हो, परलोकातल्या मालकाकडून थडग्याची जागा अमुक नाण्यांना विकत घेतल्याचे करार, चतुःसीमेसकट. पण शिन च्वेसारखं, आतल्या माणसाने शेवटचं काय खाल्लं, हे त्या खोल्यांतून कधीच कळणार नाही.

पुढचा हजार वर्षांचा इतिहास घाईने सांगतो. बौद्ध भिक्षूंसोबत दहन आलं. दहाव्या शतकापर्यंत ते सामान्य लोकांत एवढं पसरलं की सुंग राजवटीच्या पहिल्या सम्राटाने ९६२ मध्ये बंदी घातली. यांगत्सेच्या खालच्या अंगाला, जिथे जमीन कमी आणि माणसं दाट, तिथे ती कोणी फारशी जुमानली नाही. तेराव्या शतकात मार्को पोलो हांगचौच्या दहनाचं वर्णन करतो. नंतर मिंग आणि छिंग राजवटींच्या काळात कायदा आणि कन्फ्यूशियन शिष्टाचार कडक झाले आणि पुन्हा पुरणं आलं. मग १९५६ मध्ये माओ आणि इतर नेत्यांनी दहनाचा संकल्प सह्या करून जाहीर केला. माओ स्वतः मात्र जतन करून बीजिंगमध्ये ठेवलेले आहेत.

हे सगळं संपलेलं आहे असं समजू नका. आन्हुई प्रांतात यांगत्सेच्या काठी आनछिंग शहर आहे. तिथे म्हातारी माणसं हयातीतच आपली शवपेटी करवून घरात ठेवायची, दरवर्षी तिला रोगण लावायची. १ जून २०१४ पासून दहन सक्तीचं होणार म्हणून स्थानिक अधिकाऱ्यांनी पेट्या गोळा करून मोडल्या. काही वृद्धांनी त्या तारखेआधी जीव दिल्याच्या बातम्या चिनी वृत्तपत्रांनीच छापल्या. अधिकाऱ्यांनी संबंध नाकारला. जमीन वाचवायचा हेतू मला पटतो. पण ज्या सरकारच्या पूर्वसुरींनी पाताळातही कचेरी उघडली, त्याला एका म्हातारीची पेटी म्हणजे काय हे कळू नये, याचं नवल वाटतं.

श्रोत्यांपैकी एकांनी विचारलं: एवढं धन पुरत होते, तर चोऱ्या होत नव्हत्या का?

होत होत्या, भरपूर. ली त्सांगचं थडगं लुटलेलंच सापडलं. सुदैवाने त्याच्या मुद्रा चोरांनी टाकल्या, म्हणून तो कोण हे कळलं. यीच्या थडग्यातही चोरांनी वरून भोक पाडलं होतं, पण आत पाणी भरल्यामुळे त्यांच्या हाती फारसं लागलं नसावं. चिंगमनजवळच्या ग्वोदियान इथे तर १९९३ मध्ये चोर आधी शिरले, मग पुरातत्त्वखातं धावलं. उरलेल्या पट्ट्यांत लाओत्से या प्राचीन चिनी विचारवंताच्या ग्रंथाचा तोवरचा सगळ्यात जुना पाठ निघाला. नळीसारखं लांब पातं जमिनीत खुपसून माती तपासायची जी पहार आज प्रत्येक चिनी उत्खननात वापरतात, तीही मूळची थडगीचोरांचीच. खरं नुकसान वेगळंच आहे. १९९४ मध्ये शांघायच्या संग्रहालयाने हाँगकाँगच्या बाजारातून छूच्या काळातल्या हजारभर पट्ट्या विकत घेतल्या. मजकूर अनमोल. पण त्या कुठल्या खड्ड्यातून, कोणाच्या डोक्याशी किंवा पायाशी होत्या, ती व्यक्ती न्यायाधीश होती की शिक्षक, हे चोराने सांगितलं नाही. शीच्या पट्ट्या त्याच्या कुशीला सापडल्या म्हणून आपण त्याला ओळखतो. त्याच पट्ट्या बाजारातून आल्या असत्या, तर आपल्या हाती फक्त कायद्याचं एक जुनं पुस्तक असतं.